नव्या तांदळाचा टुटू

दिवाळी आटोपली की आमच्या ब्रह्मपुरीच्या हवेला तणसाचा वास येऊ लागतो. तणस म्हणजे धान निघून गेल्यावर उरलेला पेंढा. ओलसर, गोडसर, जरा धुळकट असा तो वास, आणि एकदा नाकात शिरला की होळीपर्यंत मुक्काम हलवत नाही. यंदाही तो वेळेवर आला. धान कापणाऱ्या बाया मात्र आल्या नाहीत. त्यांच्याऐवजी एक अजस्र यंत्र आलं. ते दुपारी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, शिरतं, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जातं आणि आपला चहा संपायच्या आत सगळं पीक पोटात घालून मोकळं होतं. खळं नाही, बैल नाहीत, माणसांचा गलका नाही. यंत्रावर माझा राग नाही. कमरेत वाकून धान कापलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती त्या यंत्राला हळदीकुंकू लावील. पण वास तोच आणि बाकी काहीच तसं नाही म्हटल्यावर मन उगाच मागे पळतं.

त्यात परवा ते पार्सल आलं.

माझी थोरली बहीण नलूताई घुग्घुसहून माझ्याकडे राहायला आली आहे. सोबत तिची नात मिहू, पहिलीतली. मिहूचे आईबाप नागपूरला असतात आणि तिथे ती बॅलेच्या क्लासला जाते. हो, बॅलेच्या. नागपुरात आता संत्र्यांखेरीज हेही मिळतं. सुटी संपली की क्लासचा कार्यक्रम, म्हणून तिच्या आईने टुटू मागवला तो आमच्याच पत्त्यावर. टुटू म्हणजे बॅले नाचणाऱ्या मुलींचा तो पांढरा जाळीदार घागरा, कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरलेला. चित्रात सगळ्यांनी पाहिलेला असतो, नाव ठाऊक नसतं. पाकीट फोडलं तर आतून निघाली कोबीची सुकलेली पानं. जाळीचे थर एकमेकांना चिकटून खाली लोंबत होते. मिहूने तो घातला, आरशात पाहिलं आणि ओठ काढला.

"आजी, हा तर खाली पडतोय. टीचरचा कसा सरळ उभा राहतो!"

नलूताईने चष्मा सारखा केला, जाळीची कड बोटांत धरून चोळली आणि म्हणाली, "मांड पायजे याले."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि पन्नाशी ओलांडलेल्या आम्ही दोघी बाया सोफ्यावर कोसळून हसत सुटलो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मिहूला वाटलं आपल्यालाच हसतात, ती रुसून आत निघून गेली. तिची समजूत काढायला हवी होती हे खरं, पण आम्ही तोवर आमच्या खळ्यात जाऊन पोचलो होतो.

ते खळं वैनगंगेच्या अलीकडे, आमच्या गावच्या घराच्या मागेच होतं. त्या वर्षी मी सहावीत आणि ताई दहावीत. खळं सारवून लख्ख केलेलं, मधोमध खांब, खांबाभोवती पसरलेले धानाचे भारे आणि त्यांवरून गोल गोल फिरणारे बैल. बैलांच्या खुरांखाली दाणा सुटायचा. पायाखाली सबंध वर्षाचं जेवण आणि बैलांच्या तोंडाला मात्र मुसकं, कारण नाहीतर काम राहील बाजूला आणि बैल जेवायला बसतील. ही मुसकी आमचे बाबा स्वतः विणत. बांबूची कामटी तासून तिचं कडं करायचं, मग त्यावर सुतळीची जाळी. बाबांच्या हातचं मुसकं दोन-दोन हंगाम टिकायचं. गावातले लोक मागून न्यायचे आणि परत करायला विसरायचे, तो भाग वेगळा.

बांबू आमच्याकडे कमी नव्हता. गडचिरोलीच्या जंगलातून ट्रकच्या ट्रक भरून तो बल्लारपूरला जायचा आणि तिथे त्याचा कागद व्हायचा. मागे राहिला त्याचं सूप, टोपली, नाहीतर मुसकं. आमचा मामा बल्लारपूरलाच राहायचा. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमाराला तो आमच्या पुस्तकांना कव्हर घालायला रद्दीच्या दुकानातून गुळगुळीत कागदाची विलायती मासिकं घेऊन यायचा. माझ्या वाट्याला त्या वर्षी ट्रॅक्टर आला. ताईच्या इतिहासाच्या पुस्तकावर आली टुटू घातलेली एक बाई.

एका पायाच्या अंगठ्यावर उभी, दुसरा पाय मागे हवेत, मान किंचित कलती आणि कमरेभोवती तो पांढरा आडवा घेर. ताई ते पुस्तक जवळ ठेवून झोपायची. मायला वाटायचं, पोरगी इतिहासाचा फारच अभ्यास करून राह्यली. पोरगी फक्त पुस्तकाच्या बाहेरचाच इतिहास वाचत होती. मला ती अंधारात विचारायची, "सुमे, हे कपडा खाली काऊन नाई पडत वं?" मी काय सांगणार? आमच्या जगात कपडा म्हणजे खाली पडणारी गोष्ट. लुगडं, धोतर, पडदा, चादर, सगळं खालीच लोंबायचं. वर उभा राहणारा कपडा आम्ही पाहिलाच नव्हता.

या कपड्याची कुळकथा मला फार पुढे, शाळेत शिकवायला लागल्यावर वाचनात सापडली. दीड-दोन शतकांपूर्वी पॅरिसच्या रंगमंचावर तो आला तेव्हा चांगला पोटरीपर्यंत लांब होता. पांढऱ्या तलम जाळीचे थरावर थर. गॅसच्या दिव्यांत तो धुक्यासारखा दिसायचा आणि नाचणारी पोरगी जमिनीवर नसून अधांतरी आहे असं लोकांना वाटायचं. पुढे नाचणाऱ्यांची पावलं इतकी तरबेज झाली की ती झाकून ठेवणं त्यांनाच सोसेना. मग घागरा गुडघ्यावर चढला, आणखी चढला, आणि शेवटी कमरेपाशी आडवाच झाला. आत एक कडं घालून त्याला उभं केलं. 'टुटू' हे नावही म्हणे थट्टेतून पडलं. स्वस्तातल्या जागांवर बसणाऱ्यांना खालून जे दिसायचं, त्याला त्यांच्याकडे लहान पोरांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याच्यावरून. म्हणजे इतक्या नाजूक वस्तूचं नाव मुळात आपल्या 'ढुंगणा'चं भाऊबंद. मी हे ताईला सांगितलं तेव्हा ती आठवडाभर खूश होती.

पण एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. त्या काळी ती जाळी दिव्याच्या ज्योतीला लागून भडकायची आणि मुली भाजून मरायच्या. कापड पेटू नये म्हणून ते बुडवायचं एक औषधी पाणी निघालं होतं. त्याने कापड पिवळट आणि जाडंभरडं होतं म्हणून काही मुलींनी ते नाकारलं. जिवावर उदार होऊन पांढरा घागरा घातला. शहाण्यांनी त्यांना वेड्या म्हटलं असेल. मला त्या वेड्या वाटल्या नाहीत, कारण मी नलूताईला त्या वर्षी पाहिलं होतं.

झालं असं की शाळेत नागपूरहून नव्या मॅडम आल्या होत्या, इंग्रजीच्या. गॅदरिंगमध्ये लेझीम आणि कोळीनाच सोडून काहीतरी वेगळं करायचं त्यांच्या मनात होतं. ताईने धीर करून त्यांना इतिहासाचं पुस्तक दाखवलं. मॅडमनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि 'बगळ्यांचा नाच' बसवला. आमच्या बांधीत बैलांच्या मागे मागे एका पायावर उभे राहणारे बगळे, त्यांचा. मधली बगळी नलूताई. व्हायोलिनची एक कॅसेट होती, तिच्यावर ती पोरगी दुपारच्या सुटीत शाळेच्या पडवीत गिरक्या घ्यायची. एरवी घरात कुणाला तिचा आवाज ऐकू यायचा नाही अशी आमची ताई, पण गिरकी घेताना तिचा चेहरा असा व्हायचा की बघणारा गप्प व्हावा. दहावीनंतरची शाळा ब्रह्मपुरीला होती आणि ताईला तिकडे पाठवायचं नाही हे घरात ठरलेलं होतं. स्टेज म्हणून जे काही तिच्या आयुष्यात येणार होतं ते हेच, आणि एकदाच. तिला ते पुरतं कळत होतं. म्हणूनच तिला झगाही तसाच हवा होता, वर उभा राहणारा.

बाबांनी चित्र पाहिलं आणि पुस्तक परत देत म्हणाले, "नाचाचं अशीन तं लुगडं नेसून नाच. हे काय, कोंबडीची शेपटी! खळं पडून हाय अन् पोट्टीले शेपटी सुचून राह्यली."

ताईने पुस्तक छातीशी धरलं. बोलली ती माय. चुलीपुढून मान वर न करता म्हणाली, "तुमी दंडारीत राधा होत होते, तवा काऊन नाई लाज आली? लुगडं तं माह्याच पेटीतलं नेत होते."

दंडार म्हणजे आमच्या झाडीतलं, या जंगलाकडच्या धानाच्या मुलखातलं, गावरान नाटक. ढोलकीवर नाचगाणं, आणि बायांची सोंगं बाप्यांनीच घ्यायची. लग्नानंतरही काही वर्षं बाबा राधा व्हायचे, हे आम्हा पोरींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तोंडावर हात दाबून हसले. बाबा खाकरले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि बैलांकडे निघून गेले. "हो" म्हणाले नाहीत. पण "नाही"ही पुन्हा म्हणाले नाहीत. आमच्या घरात यालाच परवानगी म्हणायची पद्धत होती. मायने वरून एक अट घातली, झग्याखाली पांढरी सलवार घालायची. ताईने ती आनंदाने मान्य केली. तिला पाय दाखवायचे नव्हते, तिला फक्त तो कपडा वर उभा राहिलेला पाहायचा होता.

जाळी म्हणून मायने जुनी मच्छरदाणी काढून दिली आणि ती घेऊन आम्ही बाजाराच्या दिवशी रशीदचाचांकडे गेलो. रशीदचाचा शिंपी. त्यांचं मशीन नीमाखाली असायचं आणि हिवाळ्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची, कारण धान घरात आलं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि नाटक मंडळ्यांचे सगळे पोशाख त्यांच्याकडे. मशीनच्या एका बाजूला राजाचे चकचकीत अंगरखे, दुसऱ्या बाजूला इन्स्पेक्टरची खाकी. चाचांनी पुस्तकावरची बाई उलटीसुलटी करून पाहिली.

"राजाचे झगे शिवलो, राक्षसाचे शिवलो," ते म्हणाले, "पण असा थालीवाला झगा पयल्यांदाच पाहून राह्यलो. बेटी, हे मच्छरदानी होय. हे लटकणार."

"मंग चाचा?"

"मी चुण्या टाकून थरावर थर देतो. कडक तुमी करा घरी. मांड लावा, चांगली घट्ट."

मांड म्हणजे शिजत्या भाताचं गाळलेलं पाणी. धोतराला, टोपीला आम्ही मांडच लावायचो. पण झग्याला साधी मांड लावून ताईचं समाधान होण्यासारखं नव्हतं. खळ्यावर त्याच आठवड्यात नवं धान निघालं होतं. नव्या तांदळाचा भात चिकट, त्याची मांड खिरीसारखी दाट आणि वासाला अशी गोड की आम्ही पोरं ती मीठ घालून प्यायचो. ताईने नव्या तांदळाचीच मांड केली. झगा तिच्यात बुडवला, एकेक थर बोटांनी सोडवला आणि तणसाच्या ढिगावर उन्हात पसरून ठेवला. खाली तणस, वर तणसाच्याच रंगाचं ऊन आणि मध्ये तो पांढरा गोल. वाळत आला तसा झगा खरंच उभा राहू लागला. ताई मधूनच धावत येऊन त्याच्या कडेवर टिचकी मारायची आणि टणक आवाज आला की हसायची. इतकं साधं सुख मी नंतर फार कमी जणांच्या तोंडावर पाहिलं.

संध्याकाळी बाबांनी बैल सोडले. सोडले की पहिल्यांदा मुसकं काढायचं, हा रिवाज. आमचा पांढऱ्या नावाचा बैल दिवसभर दाण्यांवरून चालला होता आणि एक दाणा त्याच्या तोंडात गेला नव्हता. मुसकं सुटल्यावर तो नेहमीसारखा तणसाच्या ढिगाकडे गेला. तणस तर रोजचंच. पण आज त्यावर नव्या तांदळाच्या गोड वासाचं काहीतरी मांडून ठेवलेलं होतं. त्याला दोष कसा द्यावा?

मी ओरडले तेव्हा बाबा धावले. त्यांनी पांढऱ्याच्या तोंडातून जाळी ओढायला सुरुवात केली, ती निघतच राहिली, हातभर, आणखी हातभर, जादूगाराच्या रुमालासारखी. बैलाच्या पोटात काही गेलं नाही हे बघून त्यांनी उसासा सोडला. झग्याचं मात्र फडकं झालं होतं, हिरव्या लाळेने माखलेलं. माय बाहेर आली. तिने फडक्याकडे पाहिलं, मग बैलाकडे.

"आता त्याले मारू नोका," ती बाबांना म्हणाली. "दिवसभर तोंड बांदून फिरते बिचारा. सुटल्यावर काय करन?"

ताई रडली नाही. तिने फडकं उचललं, हौदापाशी नेऊन ठेवलं, आणि परत येऊन खळ्यावर सांडलेलं धान सुपात भरायला बसली. रोजच्यासारखी, खाली मान घालून. गॅदरिंग परवावर आलं होतं. बाबा हातात मुसकं धरून तिच्याकडे बघत उभे राहिले. पोरगी रडली असती तर त्यांनी तिला दोन शब्द सुनावले असते आणि गोष्ट मिटली असती. ती गप्प होती, याच्यावर त्यांच्याकडे इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा बाबा अंगणात उन्हाला बसून बांबू तासत होते. मला वाटलं नवं मुसकं. पण कामटी लांबच लांब होती आणि ते तिला चुलीच्या धगीवर धरून हळूहळू वाकवत होते. दोन्ही टोकं जुळवून सुतळीने बांधली तेव्हा मोठ्या सुपाएवढं कडं तयार झालं. गाठ त्यांनी मुसक्याला घालायचे तीच घातली. मग घरात जाऊन एक मच्छरदाणी आणली. ती त्यांची स्वतःची, बांधीतल्या मचाणावरची. रात्री रानडुकरांपासून उरलेलं उभं धान राखायला ते तिथे निजायचे.

"बाबा, तुमाले मच्छर चावतीन," मी म्हटलं.

"चावू दे. डुकरं आली का जागा तरी राहीन."

ताई दारात उभी होती. बाबांनी तिला जवळ बोलावलं, कडं तिच्या कमरेभोवती आडवं धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "फिर."

ताई फिरली.

"अशी नाई. पाय पयले, मंग कंबर. कपडा एक घडी मांगून आला पायजे. तू थांबली तरी त्यानं थांबू नाई. तवा लोक पायतेत."

ही राधा बोलत होती. माझ्या दाढीवाल्या, विडी ओढणाऱ्या बापाच्या आतून राधा बोलत होती आणि आम्ही दोघी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. टुटूबद्दल मी पुढे कितीतरी वाचलं. तो दोनशे वर्षं का टिकला याची कारणंही वाचली. बाई तरंगल्यासारखी दिसते, पावलं मोकळी राहतात, वगैरे. पण बाबांनी सांगितलं तेच मला खरं वाटतं. माणूस थांबतं आणि कपडा क्षणभर चालूच राहतो. त्या क्षणभरात बघणाऱ्याला वाटतं, ही अजून थांबलेली नाही, ही थांबणारच नाही.

तेच कडं आणि तीच मच्छरदाणी घेऊन बाबा सायकलवर रशीदचाचांकडे गेले. चाचांनी राजाचा अंगरखा बाजूला सारून आधी आमचं काम केलं. झगा मशीनवरून उतरला तेव्हा म्हणाले, "आता हा बैलाच्या बापाले खाता येणार नाई. आत बांबू हाय."

गॅदरिंग दुपारी होतं, कारण गावच्या विजेचा भरवसा नव्हता. वर्गातली टेबलं जोडून स्टेज केलेलं, वर सतरंजी, मागे मॅडमचीच एक निळी साडी पडदा म्हणून. समोर सगळं गाव तणसावर बसलेलं. नलूताई स्टेजवर आली आणि झगा तिच्या कमरेभोवती आडवा, सरळ, हलका थरथरत उभा होता. पायात पांढरे मोजे, खाली सलवार, केसांत मायने खोचलेलं शेवंतीचं फूल. कुणीतरी खुदकन हसलं, तिकडे दोन-चार पोरांनी शिट्टी मारली. मग कॅसेट सुरू झाली. ताई एका पायावर उभी राहिली आणि फिरली. पाय आधी, मग कंबर. ती थांबली, झगा एक घडी पुढे गेला, मग तोही थांबला. हसणारे गप्प झाले. मी बाबांना शोधलं. ते येणार नाहीत म्हणाले होते, खळं उघडं टाकून कोण येतं? नाच संपला, टाळ्या सुरू झाल्या, ताई वाकून नमस्कार करत होती, इतक्यात अगदी मागून, सायकली उभ्या होत्या तिकडून आवाज आला, "वन्स मोर!"

नाटकं बघून बघून आमच्या झाडीतल्या माणसाला एवढं इंग्रजी येतंच. पण तो आवाज बाबांचा होता. सगळं गाव वळून बघायला लागलं. बाबा सायकलला टेकून उभे होते, हातात विडी, चेहऱ्यावर मचाणावरच्या डासांच्या गांधी. पुन्हा ओरडले, "वन्स मोर!" मॅडमनी कॅसेट मागे फिरवली. ताईने दुसऱ्यांदा तो नाच केला आणि या खेपेला ती संपूर्ण वेळ सायकलींकडे बघत हसत होती.

एवढंच. त्यानंतर नाच झाला नाही. ताईची शाळा दहावीला संपली, पुढे घुग्घुसच्या खाणीतला मुलगा बघून लग्न झालं. भला माणूस, सुखाचा संसार, तक्रार करण्यासारखं काही नाही आणि ती करतही नाही. तिच्या गावात कोळशाची आणि सिमेंटची धूळ अशी की पांढरा कपडा बाहेर वाळत घातला की संध्याकाळी राखाडी. ती हसून म्हणते, "आमच्या इथी पांढरं फक्त दूध, तेही झाकून ठेवाचं." त्या झग्याची जाळी दोन-तीन वर्षांत विरली. बांबूचं कडं मात्र बाबांनी गोठ्यात मुसक्यांच्याच खुंटीला अडकवून ठेवलं. त्याचं काही होणार नव्हतं, पण त्याला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. बैल विकले, मुसकी गेली, पुढे बाबाही गेले. तेव्हा मी ते कडं ब्रह्मपुरीला आणलं. आता मी त्यावर जुनी साडी ताणून कुरड्या घालते. धुराने आणि हातांनी त्याचा रंग तपकिरी झालाय, पण गाठ अजून तीच आहे.

तर मिहूच्या टुटूचं असं, की खरे टुटू उलटे टांगून ठेवतात, मग थर खाली लोंबत नाहीत. मी हे वाचलेलं सांगितलं. ताईने थर सोडवून गरम पाण्याच्या वाफेवर धरले आणि टुटू दोरीवर उलटा टांगला. मांड लावली नाही. आता आमच्याकडे बैल नसला तरी अनुभव आहे. सकाळी तो बऱ्यापैकी उभा राहिला होता. मिहूचा रुसवा गेला आणि ती अंगणभर गिरक्या घेत सुटली.

"तशी नाई," ताई ओट्यावरून म्हणाली. "पाय पयले, मंग कंबर."

"म्हणजे कसं? दाखव ना आजी."

ताईचे गुडघे आता कुरकुरतात. मला वाटलं ती हसून टाळेल. पण ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरचं कडं घेऊन आली. नऊवारी सोडून कधीच पाचवारीवर आलेली, केस पांढरे झालेली माझी ताई अंगणात उभी राहिली, कडं कमरेभोवती आडवं धरलं आणि फिरली. हळू, एक पाय ओढत, पण फिरली.

मिहू कंबरेवर हात ठेवून बघत होती. "पण आजी, यात फ्रॉक कुठंय?"

"बैलानं खाल्ला," ताई म्हणाली. ती थांबली होती, दम लागला होता, आणि हातांतलं कडं अजून थोडं पुढे जात होतं.

मला राहवलं नाही. आयुष्यभर मुलांना 'हळू बोला' सांगितलेली मी मास्तरीण, फाटकाशी उभी होते तिथून जोरात ओरडले, "वन्स मोर!"

ताईने चमकून फाटकाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, जिथे कुणी सायकल टेकवून उभं राहू शकलं असतं तिथे. मग पदर खोचला आणि पुन्हा फिरली.